‘सेटएक्सकेबीमॅप मारा, दोन सेकंदांत काम होतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लिनक्स बसवताना कीबोर्ड लेआउट (कोणत्या कीवर कोणतं अक्षर) चुकला तर काय करायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एवढं पाल्हाळ कशाला? सेटएक्सकेबीमॅप जीबी मारा, दोन सेकंदांत काम होतं. नवशिक्यांना घाबरवून ज्ञान पाजळू नका. फोटोही नाहीत.”

फोटो हवे होते, मान्य. टाकतो. पण ‘ज्ञान पाजळू नका’ ही कुठली भाषा? मुद्दा चुकला असेल तर तो दाखवा, लिहिणाऱ्याच्या हेतूवर कशाला घसरता? मी वर्षानुवर्षं लोकांच्या मशीनवर लिनक्स बसवून देत आलोय. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही म्हणून जे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी असाच एका ओळीचा सल्ला ऐकलेला असतो. म्हणून तुमच्या त्या एका ओळीवरच बोलतो.

सेटएक्सकेबीमॅप ही कमांड (‘जीबी’ म्हणजे ब्रिटिश लेआउट) चालू एक्स सेशनपुरता लेआउट बदलते. एक्स म्हणजे लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारी जुनी प्रणाली. लॉगआउट केलं की बदल गेला. उबुंटू 22.04 मध्ये नोम हा डेस्कटॉप बहुतेक मशीनवर वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर, चालतो आणि तो या कमांडला जुमानत नाही. एन्क्रिप्टेड डिस्कचा पासफ्रेज विचारणारा स्क्रीन तर डेस्कटॉपच्या कितीतरी आधी, इनिट्रॅमएफएसमधून (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रणालीतून) येतो. तिथे तुमची कमांड पोचणार कशी?

आता खरी अडचण. पुण्यात रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणारे विद्यार्थी पुष्कळ, आणि त्यांतल्या काही मशीन्सना ब्रिटिश कीबोर्ड असतो: उलट्या एलसारखा एंटर, डाव्या शिफ्टशेजारी एक जादा की. इन्स्टॉलरमध्ये मात्र लेआउट अमेरिकन राहतो. डिस्कचा पासफ्रेज आणि लॉगिनचा पासवर्ड भरताना मुलगा @ छापलेली की शिफ्टसकट दाबतो आणि नोंद होते " ची. ठिपक्यांमुळे त्याला ते दिसत नाही. लेआउट अमेरिकन आहे तोवर तीच की दाबून सगळं उघडतं, म्हणून चूक लपून राहते. मग कुणीतरी लेआउट ब्रिटिश करून देतं. आता त्याच कीवर खरा @ उमटतो आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लॉगिनचा पासवर्ड नाकारतं. एक्सवर तर तुमच्या कमांडनंतर त्याच टर्मिनलमध्ये हे होईल. लेआउट कायमचा बदलला असेल, तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटला इनिट्रॅमएफएस नव्याने बनतं आणि डिस्कही उघडेनाशी होते. अशा वेळी फॉरमॅट करू नका! ब्रिटिश लेआउटवर " हे शिफ्ट आणि 2 वर आहे. @ च्या जागी ते दाबा, डिस्क उघडेल.

म्हणून क्रम महत्त्वाचा. लेआउटला हात लावण्याआधी एलएसबीएलके -एफ ने एन्क्रिप्टेड पार्टिशन शोधा आणि सुडो क्रिप्टसेटअप लक्सअ‍ॅडकी ने त्यावर दुसरा पासफ्रेज चढवा. लक्स या डिस्क-एन्क्रिप्शन पद्धतीच्या आवृत्ती 1 मध्ये पासफ्रेजसाठी 8 स्लॉट (जागा) असतात, लक्स 2 मध्ये 32, तेव्हा जागेची चिंता नाही. नव्या पासफ्रेजमध्ये फक्त अक्षरं आणि अंक ठेवा. ते अमेरिकन आणि ब्रिटिश लेआउटवर त्याच कीजवर असतात. (जर्मन असेल तर वाय आणि झेड टाळा, तिथे त्यांची अदलाबदल असते. फ्रेंचमध्ये अंकांनाही शिफ्ट लागतो.) लॉगिनचा पासवर्डही याच वेळी तसाच करून घ्या. त्यानंतर डेबियन-उबुंटूवर सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन (इथे लेआउट निवडा), मग सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू, मग रीबूट. डेस्कटॉपचा लेआउट सेटिंग्जमधून वेगळा तपासा. नव्या पासफ्रेजने मशीन सुरू झाल्याशिवाय जुना स्लॉट काढू नका. फेडोरावर याच कामांसाठी लोकेलसीटीएल सेट-कीमॅप आणि नंतर ड्रॅकट -एफ.

बूट पार्टिशनही एन्क्रिप्ट केलं असेल, तर पासफ्रेज ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर) विचारतं, आणि ते मुळात अमेरिकन लेआउटच धरतं. वरच्या बदलांचा त्याच्यावर काही परिणाम नाही.

मराठी लेआउट हवा असेल तर यादीत यूएस पहिला आणि देवनागरी दुसरा. एकटी देवनागरी ठेवली तर युजरनेमच टाइप करता येत नाही.

यातलं घाबरवणारं काय आहे, ते तुम्हीच सांगा. पुन्हा लिहाल तेव्हा डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा वगैरे) आणि तिची आवृत्ती, सेशन एक्स की वेलँड, डिस्क एन्क्रिप्टेड आहे की नाही, आणि /ईटीसी/डीफॉल्ट/कीबोर्ड या फाइलमधला मजकूर एवढं द्या. त्याशिवायच्या शेरेबाजीला यापुढे उत्तर देणार नाही.