करावर कर, वर हाताळणी फी

चांगला हेडफोन घ्यायचा म्हटलं की डोकंच उठतं. लातूरची अख्खी गंजगोलाई बाजारपेठ पालथी घाला, सगळीकडे तेच ढबढब बास मारणारे डबे. सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हेडफोन म्हटलं की दुकानदार मोबाइलवर फोटो शोधायला लागतो. १९९७पासूनचं मॉडेल आहे हो! लातुरात कानाला लावून बघायचीसुद्धा सोय नाही.

मग मागवा परदेशातून. तिथली किंमत बघून जीव हरखतो आणि इथे सीमाशुल्क आडवं येतं. तेही नुसत्या हेडफोनवर नाही, वाहतूक आणि विमा धरून. त्या सगळ्या रकमेवर पुन्हा जीएसटी. वर कुरिअरवाल्याची हाताळणी फी. दारात पैसे मोजल्याशिवाय खोकं हातात देत नाहीत. तिकडच्या भावाने भेट म्हणून पाठवावं, तर ५,००० रुपयांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९मध्येच गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली.

एवढं करून एका बाजूचा आवाज गेला तर? वॉरंटी तिकडची, परत पाठवायचा खर्च आपला. चोरीचा माल मागतोय का आम्ही? नीट गाणं ऐकायचंय फक्त! आणि हा ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा गडी मोबाइलवर धड वाजत नाही, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही मागवा. त्यावर पुन्हा तेच शुल्क, तोच जीएसटी, तीच फी.