लेकरांना घेऊन नाताळाला लंडनला जाताय? जा की!

परवा रात्री पावणेअकराला ओटा पुसून हात कोरडे करत होते, तोवर फोन टिणटिणला. आमच्या ग्रुपवर ॲडमिन भावोजींचा मेसेज. 'यंदा ख्रिसमसला स्वित्झर्लंड? मुलांना बर्फ दाखवूया की!' खाली तीन अंगठे. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा, शेजारच्या खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता उठवलेला.

गेल्या डिसेंबरात ह्याच भावोजींच्या पुढाकारानं आम्ही चार जोडपी आणि सहा पोरं लंडनला नाताळ करून आलो. थोरलं पोर नऊ वर्षांचं, धाकटं अकरा महिन्यांचं. म्हणजे अनुभव दांडगा. तो एकटीनं पोटात ठेवणं बरं नव्हे, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, जिथं कुठं लहान लेकरं आणि मोठे बेत एका घरात नांदतात तिथल्या सगळ्यांसाठी चार सल्ले देते.

पहिला सल्ला, मित्र गोळा करा. एकट्या कुटुंबानं गेलं तर भांडण फक्त नवरा-बायकोत होतं, त्यात काय मजा? चार घरं हवीतच. त्यातलं एक सोमवार धरणारं, एक गुरुवार धरणारं, एक कांदा-लसूण न खाणारं आणि एक चिकनशिवाय न जेवणारं असेल तर उत्तम. पोरांच्या दुपारच्या झोपेच्या वेळा जुळत नाहीत ना, हे आधी तपासून घ्या. जुळल्या तर सगळी एकदम झोपतील आणि तुम्हाला चुकून तासभर बसायला मिळेल.

दुसरा सल्ला, व्हिसाचे कागद भावोजींवर सोपवा. माझ्या पासपोर्टात जन्मगाव 'बेलगाम', आठ वर्षांच्या लेकीच्या पासपोर्टात 'बेळगावी'. दोघी एकाच गल्लीत जन्मलो, एकाच डॉक्टरीणबाईंच्या हातून. आम्ही गाव सोडलं नाही, गावानंच नाव बदललं, १ नोव्हेंबर २०१४ला. (तारीख निवडली ती कर्नाटक राज्योत्सवाची, म्हणजे आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिवसाची. वेगळं सांगायला नको.) खिडकीतल्या पोरीला मी हे समजावत होते आणि भावोजी मागून म्हणाले, "वैनी, एवढा इतिहास नको की ओ, माणसं खोळंबलीत." व्हिसाची फी अकरा महिन्यांच्या बाळालाही पूर्ण. विमानाच्या तिकिटात बाळाला सूट असते, राणीच्या लेकाच्या देशात शिरायला नसते. ते बाळ तिथं नोकरी शोधेल अशी भीती असावी.

तिसरा सल्ला, कुंदा न्या.

होय, न्याच. सासूबाईंनी दोन किलो बांधून दिला होता. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत हे मला माहीत होतं. मी म्हणाले तसं. तर भावोजी, "काही होत नाही ओ वैनी, कोण बघतंय?" हिथ्रोवर बघितलं. हातमोजे घातलेल्या बाईनं डबा उघडला, वास घेतला आणि विचारलं, हे चीज आहे काय? आता कुंद्याला चीज म्हणणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं? दूध आटवतात, तांबूस होईस्तोवर परततात, असं मी सांगायला लागले आणि 'दूध' ह्या पहिल्याच शब्दाला डबा कचऱ्यात गेला. शेंगदाण्याची चटणी तेवढी वाचली. ती पुढं कथेत येणार आहे, ध्यानात ठेवा.

बर्फाची तयारी ठेवा. लंडनात नाताळाला बर्फ सहसा पडत नाही, पण तयारी ठेवा. सात-आठ डिग्री आणि दिवसभर भुरभुर पाऊस. मुलं विचारत राहिली, 'बर्फ कधी?' चोर्ला घाटात जुलैत गाडीची काच खाली केली असती तरी हेच मिळालं असतं, वर कांदाभजी.

झोपेचा विचार करू नका. घड्याळ साडेपाच तास मागं असतं आणि ते पोरांना कळत नाही. आमची सहाही पोरं बरोबर पहाटे दोनला उठायची. बेळगावात तेव्हा साडेसात वाजलेले असतात, शाळेच्या रिक्षाची वेळ. चार वर्षांचा आमचा चिरंजीव अंधारात उभा राहून बूट मागायचा. सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. म्हणजे पोरं दोनला उठवायची, आठपर्यंत दाबून ठेवायची, दहाला आंघोळी, बाराला एकदाचं बाहेर पडायचं आणि स्टेशन गाठेस्तोवर दिवेलागण. आम्ही लंडन बघितलं, त्यातलं निम्मं अंधारात.

२४ तारखेला ट्राफल्गर चौकातलं झाड दाखवा. ओस्लोचे लोक १९४७पासून दर वर्षी एक झाड लंडनला भेट पाठवतात, महायुद्धात केलेल्या मदतीबद्दल. नॉर्वेतून जहाजानं येतं. मी रात्री वाचून ठेवलं होतं, मुलांना सांगायला म्हणून. लेकीनं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "एवढंच? आमच्या शाळेतलं भारी असतंय." त्यावर दिव्यांच्या उभ्या माळा असतात, बाकी सजावट फारशी नाही. मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं.

आता मुख्य दिवस. २५ डिसेंबर. इथं जरा थांबते, पाणी पिते.

तर २५ डिसेंबरला लंडनात ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, धावत नाही. बस धावत नाही. रेल्वे धावत नाही. कमी धावते असं नव्हे, एकही नाही. आपण सीमाभागातली माणसं. 'बस बंद' हे शब्द आपल्या पोरांना 'आई-बाबा'च्या पाठोपाठ येतात. इकडची गाडी कोल्हापूरला जात नाही, तिकडची लालपरी निपाणीच्या पुढं येत नाही, त्याचं आपल्याला काही वाटत नाही. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की कुठला रस्ता कधी बंद होईल ते हवामानासारखं बघून घराबाहेर पडतो. ती ही आपण माणसं, आणि आठ शिकलेल्या मोठ्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जिथं जातोय तिथं सणाच्या दिवशी गाड्या चालतात काय ते बघावं!

आणि घर कुठं घेतलेलं? ब्रॉम्लीच्या बाजूला. का, तर स्वस्त पडतंय. ट्राफल्गर चौक तिथून पंधरा किलोमीटरच्या आसपास. "ट्रेननं वीस-पंचवीस मिनिटं की ओ!" ट्रेन असली तर, भावोजी. ट्रेन असली तर! दुसऱ्या दिवशीही आमच्या स्टेशनावर ट्रेन नव्हती. बस तेवढ्या सुरू झाल्या. मोबाईलवरून टॅक्सी बोलवावी तर चौदा माणसांना तीन गाड्या, आणि भाड्याचा आकडा बघून माझ्या नवऱ्यानं फोन उलटा करून ठेवला.

बरं, घरात बसावं. बसलो. सकाळी सहाला फ्रीज उघडला. दूध नाही. आदल्या संध्याकाळी दूध-ब्रेड कुणी आणायचं ह्यावर चारही पुरुषांची स्टेशनवर चर्चा झाली होती, मी ऐकली होती. घरी येईस्तोवर प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं आणलं. मोठी दुकानं २४ला लवकर बंद होतात आणि २५ला उघडतच नाहीत. २८० चौरस मीटरच्या वर दुकान असेल तर त्या दिवशी उघडायला कायद्यानंच बंदी आहे, २००४चा कायदा. हे मला कधी कळलं? परत आल्यावर. जायच्या आधी आम्ही काय वाचलं होतं? रीलच्या खालच्या कॉमेंटी.

ओट्यावर काय होतं ते सांगते. पावाचे सात काप. अर्धी काकडी. एक सफरचंद, तेही कुणीतरी चावून ठेवलेलं. आणि शेंगदाण्याची चटणी. सात काप मी सुरीनं आडवे चिरले, चौदा केले. पोरांना दोन-दोन दिले, दोन उरले ते आम्ही आठ जणांनी एकमेकांना आग्रह करत ठेवून दिले. अकरा महिन्यांच्या बाळाची आई बाटली धुऊन हातात धरून बसली होती. बाळाच्या पावडरीच्या डब्याचा तळ चमच्यानं खरवडल्याचा आवाज अख्ख्या घरात ऐकू येत होता. आणि ॲडमिन भावोजी काय करत होते? लाल टोपी घालून आरशासमोर. "चला चला, सगळ्यांनी टोप्या घाला, फॅमिली फोटो!"

फोटो आला छान. तुम्ही बघितला असेल. लाईक पण केला असेल.

मग मी, बाळाची आई आणि माझी मुलगी दुकान शोधायला चालत निघालो. चाळीस मिनिटं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रं फिरवणारा एक म्हातारा सोडून. दोन्ही बाजूला घरं, पडदे उघडे, आत दिवे. एका घरात मोठं टेबल, कागदी मुकुट घातलेले आजी-आजोबा, मधोमध भाजलेला पक्षी. लेक कुंपणाशी थांबली. म्हणाली, "आई, आपल्याला कुणी बोलावलंच नाही काय गं?"

काय सांगायचं होतं तिला? कुणी बोलावणार होतं? तिथं नाताळ घरात असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणी परका माणूस आपल्या गल्लीत येऊन 'मला बेळगावची दिवाळी बघायचीय' म्हणाला तर त्याला काय दिसेल? दारातली पणती. फराळ काय पणतीवर ठेवलेला असतो? आत बोलावलं तर मिळेल, आणि ओळखीशिवाय आत कोण बोलावतंय?

दूध मिळालं. एका लहानशा दुकानात, श्रीलंकेतल्या जाफन्याच्या एका तमिळ माणसाकडं. चार बाटल्या, दोन ब्रेड, बाळाच्या पावडरीचा डबा आणि लेकीला त्यानं स्वतःहून एक चॉकलेट दिलं. 'हॅपी ख्रिसमस' म्हणाला. अख्ख्या लंडनात आम्हाला ते म्हणणारा पहिला माणूस तो. घरी पोचलो तर चारही पुरुष पत्ते खेळत होते आणि भावोजींनी मान वर न करता विचारलं, "चहाला टाकलं काय वैनी?"

आणखी दोन-तीन सल्ले लिहून ठेवले होते. हाईड पार्कातल्या विंटर वंडरलँड जत्रेच्या रांगेबद्दल एक होता, ट्यूबच्या जिन्यावरून बाबागाडी उचलून नेण्याबद्दल एक होता. राहू दे ते. उपरोध बिपरोध आता माझ्यानं होत नाही.

अरे, तुम्हाला नाताळच बघायचा होता ना? बेळगावात राहता की तुम्ही! कॅम्पात. फातिमा कॅथेड्रलच्या घंटा घरात बसून ऐकू येतात तुम्हाला. डिसेंबर लागला की गल्लीगल्लीत कागदी चांदण्या लागतात, पोरं माती-गवत गोळा करून गोठे बांधतात. आमच्या शेजारच्या आंटी गेली बावीस वर्षं २५ला सकाळी ताट पाठवतात. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, वर विणलेला रुमाल. दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडं जातं, रुमाल तोच परत. गेल्या वर्षी ते ताट घेऊन आंटी आल्या तेव्हा घरात एकट्या सासूबाई. कुलूप नव्हतं एवढंच. दोघी म्हाताऱ्या बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या आणि चहा प्याल्या. सासूबाईंनी नातवंडांसाठी कुलकुल डब्यात काढून ठेवले, ३ जानेवारीपर्यंत. आल्या आल्या पोरांनी बॅगा उघडायच्या आधी तो डबा संपवला. अख्ख्या सहलीत माझ्या पोरांनी तक्रार न करता खाल्लेला पदार्थ तो एक!

आणि थंडी? गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ना आपल्या गावाला? स्वेटर घालून अंगणात शेकोटी करा की. फारच हौस आली तर पणजी तीन-साडेतीन तासांवर आहे. पण नाही. पोरांना काय हवंय हे विचारायचंच नाही. चार वर्षांच्या पोराला हिथ्रो आणि आपला सांबऱ्याचा विमानतळ ह्यांतला फरक सांगता येत नाही. त्याला रात्री आज्जीच्या कुशीत झोपायचंय. त्याला दहा तास विमानात बांधून, पहाटे दोनला उठवून, उपाशी ठेवून, वर 'हस की जरा' म्हणून दरडावताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला? कर्ज काढून जाता. ईएमआय अजून चालू आहे आमचा, मार्चपर्यंत. कुणासाठी केलं हे सगळं? पोरांसाठी म्हणू नका. पोरांचं नाव घेऊ नका.

आणि तुम्ही, भावोजी. हे वाचताय हे मला माहीत आहे. आमच्या ह्यांचा अंगठा मी त्या रात्रीच काढायला लावलाय. स्वित्झर्लंडच्या यादीतून आमची चारही नावं काढा. आणि एक वर्ष गप्प बसले, आता सांगून सोडते. त्या दिवशी स्टेशनवर मी शेजारीच उभी होते, सगळं ऐकलंय. दूध आणायची पाळी तुमची होती.