एमएसचा ‘दाबलेला’ इलाज

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचा विषय निघाला की हा दावा कुणीतरी पुढे ढकलतंच : ‘एका इटालियन डॉक्टरने २००९ मध्येच मानेच्या शिरा उघडून एमएस बरा केला होता. औषध कंपन्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून तो दाबला. आणि हॉस्पिटलं मात्र ट्रायलच्या नावाखाली अर्ध्या पेशंटना खोटे उपचार देऊन त्यांचे गिनीपिग करतात.’

डॉक्टर खरे आहेत. इटलीतल्या फेराराचे पाओलो झांबोनी, रक्तवाहिन्यांचे सर्जन, पत्नीलाच एमएस. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा अरुंद झाल्याने हा आजार होतो, तेव्हा फुगा घालून त्या रुंद करायच्या, असं त्यांचं म्हणणं. पण ‘बरा केला’? त्यांच्या अभ्यासात ६५ पेशंट होते आणि उपचार सगळ्यांनाच मिळाला. तुलनेला कुणी नव्हतंच. एमएसच्या नेहमीच्या प्रकारात झटका येतो, एका डोळ्याने अंधुक दिसतं किंवा पाय जड पडतो, आणि काही आठवड्यांत त्यातलं बरंचसं आपसूक भरून येतं. अशा वेळी अंगारा लावला तरी गुण आल्यासारखं वाटणारच.

‘दाबला’ हे तर धडधडीत खोटं. कॅनडाच्या टीव्हीवर ही बातमी २००९ मध्येच गाजली. तिथले पेशंट पदरचे पैसे घालून पोलंड, मेक्सिको, कोस्टारिकाला गेले, भारतातही आले. यातून गुठळ्या, पक्षाघात, मृत्यूही झाल्याचं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये बजावलं.

मग तपासणी झाली, तीही कसून. व्हँकुव्हरच्या यूबीसी हॉस्पिटलमधल्या डॉ. अँथनी ट्रॅबुल्सी यांच्या गटाने आधी शिराच मोजल्या. निम्म्याहून जास्त अरुंद शीर एमएसच्या ७४ टक्के पेशंटमध्ये सापडली, त्यांच्या निरोगी भावंडांपैकी ६६ टक्क्यांत आणि नात्यात नसलेल्या निरोगी लोकांपैकी ७० टक्क्यांत. म्हणजे शीर अरुंद असणं ही माणसांत सर्रास आढळणारी गोष्ट निघाली. पुढे त्यांनीच कॅनडातल्या चार शहरांत १०४ पेशंटची ट्रायल केली. सगळ्यांच्या शिरेत कॅथेटर म्हणजे बारीक नळी गेली, पण फुगा साधारण निम्म्यांच्याच शिरेत फुगवला. कुणाला काय मिळालं हे पेशंटला ठाऊक नव्हतं, नंतर तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टलाही नव्हतं. वर्षभराने ना प्रश्नावलीत फरक सापडला, ना एमआरआयमध्ये. तो निकाल २०१७ चा. त्याच वर्षी झांबोनींच्या स्वतःच्या ट्रायलचाही निकाल आला : उपयोग नाही. कॅनडातला पैसा सरकारी संस्थांचा आणि एमएस सोसायटीचा, इटलीतला एमिलिया-रोमान्या प्रांताचा. यात औषध कंपनी शोधून दाखवा.

‘खोटा उपचार’ तो हाच : नळी घातली, पण फुगा फुगवला नाही. तो नसता तर आजही पेशंट घर गहाण टाकून शिरा फुगवून घेत बसले असते.

पण प्रत्येक ट्रायलमध्ये खोटा उपचार देतात हेही खरं नाही. ऑक्रेलिझुमॅब या एमएसवरच्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांत दुसऱ्या गटाला इंटरफेरॉन हे चालू औषध दिलं होतं. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस, वापरला तो सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या प्रकारात, कारण त्यावर तेव्हा मान्यताप्राप्त औषधच नव्हतं. आणि तिथेही प्लासिबोवरच्या एकामागे दोघांना खरं औषध होतं.

दाव्यात तथ्याचा एक कण आहे, तो नाकारू नये : ट्रायलमध्ये धोका असतो. नटालिझुमॅब या एमएसवरच्याच औषधाला नोव्हेंबर २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. ते घेणाऱ्यांपैकी काहींना मेंदूचा पीएमएल नावाचा जीवघेणा संसर्ग झाला होता. २००६ मध्ये ते कडक देखरेखीसह परत आलं. आज ते सुरू करण्याआधी रक्तात पीएमएल घडवणाऱ्या जेसी विषाणूच्या अँटीबॉडी तपासतात. चूक पकडली गेली, कारण पेशंटवर कुणाचं तरी लक्ष होतं. परदेशात शिरा उघडून घरी परतणाऱ्यांवर कुणाचं होतं?

हल्ली शिरांची जागा स्टेम सेलच्या जाहिरातींनी घेतली आहे. भारतात क्लिनिकल ट्रायलची नोंदणी सीटीआरआय या सरकारी यादीत २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती यादी कुणालाही पाहता येते. ‘ट्रायल’ म्हणून कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल, तर त्याच्याकडे आधी नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं नाव मागा.