नाकीडोळी नीटस

परवा भाचीचा बायोडाटा करायला बसलो. शिक्षण, उंची, रास, नाडी पटापट भरून झालं. 'वर्ण' आला आणि वहिनीचा हात थांबला. मुलगी चांगली सावळी. "गव्हाळ लिही," काकू म्हणाल्या. तिच्या मावशीचं मत 'निमगोरी'. भाची समोरच मोबाईल बघत बसलेली.

माझ्या वेळी 'नाकीडोळी नीटस' लिहिलं होतं. हे विशेषण सावळ्या मुलींसाठीच राखीव. गोरीच्या नाकाकडे बघायला कुणाला वेळ असतो! (विठोबाचं उदाहरण कृपया देऊ नका. त्याच्यासाठी कुणी स्थळं बघत नाहीये.)

'फेअर अँड लव्हली' 1975 साली आली. 2020 मध्ये नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. आमच्याकडेही सुधारणा झाली, 'गोरी' ऐवजी 'उजळ' म्हणतात.

पण मला धडकी भरली ती भाचीच्या पर्समधली ट्यूब बघून. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. "आत्या, पंधरा दिवसांत फरक पडला गं!" पडणारच. आत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगासाठी त्वचेचे डॉक्टर मोजके आठवडे देतात ते औषध ही पोरगी पावडरसारखं रोज लावत होती. कातडी पातळ होते, मुरुम येतात, गालावर लव वाढते. बंद केलं की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून पुन्हा तेच लावायचं. स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं सरकारने 2018 मध्येच ठरवलंय. दुकानदाराने साधं विचारलंही नाही. आणि बिननावाच्या क्रीमची तर गोष्टच वेगळी. केरळात मलप्पुरममध्ये अशा क्रीममधल्या पाऱ्याने लोकांची मूत्रपिंडं बिघडली.

भाचीला चिडून बोलणार होते. मग आठवलं, सातव्या महिन्यात मी स्वतः केशरदूध पीत होते. चव अजिबात आवडत नव्हती तरी.

आता तिला डॉक्टरकडे नेलंय, मलम हळूहळू सोडवतायत. बायोडाट्यात मी हट्टाने 'सावळी' लिहायला लावलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल पहिल्या स्थळाचा फोन आला. त्या बाई फार गोड बोलल्या, म्हणाल्या, "लिहिलंय तसं, पण फोटोत तर उजळ दिसते हो!"