पट्टे आवळा ना राजेहो!

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर कयाकिंगला, म्हणजे अरुंद होडी वल्हवायला, निघालेल्या प्रत्येक ग्रुपात दोन-चार जण लाइफ जॅकेट नुसतं अंगावर लटकवून बसतात. काहून? फोटोत पोट दिसतं म्हणून! पट्टे सैल असले की पाण्यात पडल्यावर माणूस खाली राहतो आणि जॅकेट तेवढं कानाशी येतं. सगळी बकलं लावा, मग कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पुन्हा आवळा.

दोघांच्या कयाकमध्ये वेगळाच तमाशा. ताल पुढच्यानं द्यायचा; मागच्यानं त्याच बाजूला, त्याच वेळी वल्हं मारत दिशा सांभाळायची. इथं मागचा रील काढतो, वल्ही एकमेकांवर आपटतात, कयाक गोल फिरते. वर ऐकवतात, "वल्हंच खराब आहे!" उलटं धरलंय बाप्पा! पात्याचा खोलगट भाग आपल्याकडे हवा.