‘गो ऑफ’: गजर वाजतो, दिवा जातो, दूध नासतं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमच्या प्रतिक्रियेतले मुद्दे तीन. इंग्रजीतल्या ‘गो ऑफ’ या क्रियापदाचे आठ अर्थ देऊन माझ्या लेखाने पाठांतराचं ओझं वाढवलं. ‘ऑफ म्हणजे बंद’ एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. आणि ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे गजर वाजला हे सरळ उलटं असल्यामुळे ‘आय वेन्ट ऑफ द अलार्म’, म्हणजे मी गजर बंद केला, असं म्हणणंच तर्काला धरून आहे.

पहिला मुद्दा मान्य. अर्थ एकाखाली एक मांडले, त्यांना जोडणारा धागा दाखवला नाही, हा लेखाचाच दोष. त्यात दिव्याचं उदाहरण (‘द लाइट वेन्ट ऑफ’, दिवा गेला) सगळ्यात आधी आलं, म्हणजे ‘बंद’ची समजूत आणखीच घट्ट झाली. पण तुम्ही सुचवलेला उपाय पटत नाही, कारण घोटाळ्याचं मूळ त्या ‘बंद’मध्येच आहे.

‘ऑफ’चा जुना अर्थ ‘पासून दूर’. ‘ऑव्ह’ (of) आणि ‘ऑफ’ (off) हा मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारलेलं रूप ते ‘ऑफ’, आणि दोघांची वाटणी पक्की व्हायला 17वं शतक उजाडलं. विजेच्या बटणावरचा ‘ऑफ’ त्या मानाने अगदी कालचा. तेव्हा ‘गो ऑफ’ म्हणजे आहे त्या जागेवरून किंवा अवस्थेतून निघणं. मराठीत याच्या सगळ्यात जवळ जातं ते ‘सुटणे’. गाडी सुटली, गोळी सुटली, वारा सुटला, इथे काहीतरी सुरू झालं. शाळा सुटली, सवय सुटली, इथे संपलं. यात आपल्याला काहीच उलटसुलट वाटत नाही, कारण कर्ता पाहून आपण अर्थ लावून मोकळे होतो. गजराचंही तेच. किल्लीच्या घड्याळात घंटेवरची हातोडी ठरल्या वेळेपर्यंत अडकवून ठेवलेली असते. वेळ झाली की अडसर सरकतो आणि हातोडी सुटते. बंदूक आणि बॉम्ब याच रांगेतले. दिव्याची चालू अवस्था सुटते, दुधाची चांगली अवस्था सुटते. (मराठीत दूध सुटत नाही, नासतं. तुलना इथपर्यंतच ताणायची.)

खरा खड्डा वेगळाच आहे आणि तो मूळ लेखात राहून गेला. ‘वेन्ट ऑफ’ ही घटना, ‘इज ऑफ’ ही स्थिती, आणि दोन्हींचे अर्थ दर वेळी जुळत नाहीत. ‘द मिल्क वेन्ट ऑफ’, म्हणून आता ‘द मिल्क इज ऑफ’: जुळलं. ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे वाजला, पण ‘द अलार्म इज ऑफ’ म्हणजे बंद आहे. सर्वांत महागात पडणारी जोडी लग्नाची: ‘द वेडिंग वेन्ट ऑफ वेल’ म्हणजे लग्न छान पार पडलं, आणि ‘द वेडिंग इज ऑफ’ म्हणजे मोडलं. समारंभाबद्दल ‘वेन्ट ऑफ’ म्हणताना पुढे ‘वेल’, ‘स्मूदली’ असं काहीतरी जोडाच. तो शब्द गाळला तर वाक्य लंगडं होतं.

चालू काळातही फरक पडतो. ‘द मिल्क इज गोइंग ऑफ’ म्हणजे दूध नासायला लागलंय, ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’ म्हणजे गजर या क्षणी वाजतोय. आणि मेणबत्ती ‘गो ऑफ’ होत नाही, ती ‘गोज आउट’. विजेच्या दिव्याला दोन्ही चालतात.

दूध, मासे, मटण यांच्यासाठी ‘गो ऑफ’ हा ब्रिटिश वापर. अमेरिकेत ‘गो बॅड’ किंवा ‘स्पॉइल’ म्हणतात. उलट ‘ही वेन्ट ऑफ ऑन मी’, म्हणजे तो माझ्यावर भडकला, हा अमेरिकन बोलीतला. लेखात दोन्ही शेजारी शेजारी, खुणेशिवाय छापले गेले, ते दुरुस्त करतो.

आता तुमचं वाक्य. आतापर्यंतच्या सगळ्या अर्थांत ‘गो ऑफ’ अकर्मक आहे, त्याला कर्म लागत नाही आणि त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. गोष्ट आपली आपण ‘गो ऑफ’ होते. म्हणूनच ‘द गन वेन्ट ऑफ’ म्हटलं की चाप कोणी ओढला ते वाक्य सांगत नाही, चुकून गोळी सुटली असाच सूर लागतो. मुद्दाम झाडली तर ‘फायर्ड’. धुरामुळे गजर वाजला तर धूर कर्ता आणि क्रियापद ‘सेट ऑफ’: ‘द स्मोक सेट इट ऑफ’. ‘गो ऑफ’पुढे नाम आलं की बहुधा अर्थच पालटतो: ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’, म्हणजे कॉफीवरून माझं मन उडालं. हाही ब्रिटिशच. इथे ‘ऑफ’ नामाला चिकटलेला असतो, म्हणून ‘गॉन ऑफ इट’ बरोबर, ‘गॉन इट ऑफ’ चूक. तेव्हा ‘आय वेन्ट ऑफ द अलार्म’चा अर्थ लागलाच तर तो ‘गजर मला आवडेनासा झाला’ असा लागेल. बंद केला म्हणायचं असेल तर ‘आय टर्न्ड ऑफ द अलार्म’, आणि सर्वनाम वापरायचं तर ते मधे घालून ‘आय टर्न्ड इट ऑफ’.