नोव्हेंबरात रांगा, मे महिन्यात शुकशुकाट

प्रॉपर्टी टॅक्सची बिलं पेटीत पडली की आमच्या गावात घरोघरी घटनातज्ज्ञ जन्माला येतात. परवा शेजारचा ड्राइव्हवेत उभा राहून बिल फडकवत होता. "कोणी वाढवला हा टॅक्स? आम्हाला विचारलं का कोणी?" विचारलं होतं ना बाबा! अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात कर वाढवायचा तर कौंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना, आधी पेपरात जाहिरात देऊन तीन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात. मी गेले होते एकीला. पुढे कौंटीचेच कर्मचारी, मागे विणकाम घेऊन बसलेल्या एक आजी, मध्ये रिकाम्या खुर्च्या. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला बोलायचंय? आजी म्हणाल्या, एसी कमी करा.

आणि हेच सगळे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला दोन-दोन तास रांगेत उभे राहतात हो! मत दिल्यावर मिळणारं, पीचचं चित्र असलेलं स्टिकर छातीवर चिकटवून फेसबुकवर फोटो टाकतात. जणू लोकशाही यांनीच खांद्यावर पेलली आहे. त्याच मतपत्रिकेत खाली शेरीफ (कौंटीचा पोलीसप्रमुख), कमिशनर (कौंटी चालवणाऱ्या मंडळाचा सदस्य), कोरोनर... प्रत्येक पदापुढे एकच नाव. हो, प्रेताचा पंचनामा करणारा कोरोनरसुद्धा इथे निवडून द्यायचा असतो. मग कुरकुर, "चॉइसच नाही." चॉइस होता. मे महिन्यात होता, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. तेव्हा तुम्ही लेकवर बोट घेऊन गेला होतात.

आमच्या कौंटीत रिपब्लिकन उमेदवारासमोर नोव्हेंबरात कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे मे महिन्यात जिंकला तोच शेरीफ. जॉर्जियात मतदाराची पक्षवार नोंदणी नसते; प्रायमरीत टेबलामागची बाई विचारते, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? डेमोक्रॅटिक घेतलीत की शेरीफच्या लढतीला मुकलात. रेल्वेच्या रुळांपलीकडे राहणारी काळी वस्ती वर्षानुवर्षं तीच घेते. म्हणजे ज्यांची गाडी हा शेरीफ सगळ्यात जास्त अडवतो, त्यांनाच त्याच्या निवडीत मत नाही. कोणी रोखलेलं नाही, सगळं कायदेशीर. माझं डोकं फिरतं ते यानेच. न्यायाधीशही मे महिन्यातच निवडायचे असतात, तेही बिनपक्षाचे, आणि तिथे लोक वरचं पहिलं नाव दाबून मोकळे होतात.

आपल्या मराठी मंडळींबद्दल तर बोलूच नका. गणपतीच्या पंगतीत बसा. ठाण्यात कोण कुठल्या गटात गेलं, कोणाला कुठलं खातं मिळालं, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, तुमचा कौंटी कमिशनर कोण? एकाने मोदक थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पगार विचारलाय. बारा वर्षं सिटिझन आहेत महाशय. मुलांच्या शाळेत वर्ग कमी पडतात म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर रोज रडगाणं, पण स्कूल बोर्डाचं मत? "ते कधी असतं?"

लोक आले की काय होतं ते दिसलंय की. २०२५ च्या नोव्हेंबरात वीजदर ठरवणाऱ्या राज्य आयोगाच्या दोन जागा डेमोक्रॅट्सनी पटकावल्या. राज्यपातळीवरचं असं पद त्यांना २००६ नंतर मिळालंच नव्हतं. विचारसरणी वगैरे काही बदलली नाही हो, विजेची बिलं वाढली होती.

गावच्या कौन्सिलचं तर विषम वर्षातच असतं सगळं. ऑगस्टमध्ये जेमतेम काही दिवस अर्ज भरायची मुदत, फी म्हणजे पदाच्या वार्षिक मानधनाच्या ३ टक्के, म्हणजे आमच्याकडे एका किराणा फेरीइतकी. तरी कोणी भरत नाही. समोर कोणी नसेल तर त्या जागेसाठी मतदानच होत नाही. आमच्या वॉर्डातले गृहस्थ असेच वर्षानुवर्षं बिनविरोध, आणि नाला तुंबला की लोक मलाच फोन करतात, कारण "तू जातेस ना त्या मीटिंगांना!"

चुकून लढत झालीच आणि कोणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. ही अटही काही आकाशातून पडलेली नाही. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने कौंटी-युनिट पद्धत मोडीत काढली. त्या पद्धतीत छोट्या ग्रामीण कौंट्यांना लोकसंख्येच्या मानाने अवाच्या सवा वजन होतं. लगेच १९६४ मध्ये विधिमंडळाने बहुमताची सक्ती आणली, म्हणजे गोऱ्यांची मतं फुटली तरी काळा उमेदवार पुढे निघू नये. साठ वर्षं उलटली, तरी आम्ही डिसेंबरात, ख्रिसमस परेडच्या धांदलीत, पुन्हा मत द्यायला जातो. म्हणजे मी जाते. गेल्या रनऑफला चर्चच्या हॉलमध्ये टेबलामागे पाच बायका आणि मतदार मी एकटी. स्टिकर उरलेत म्हणून एकीने मूठभर माझ्या हातात कोंबले. कोणाला लावू, सांगा!